पावलं शिकवली, नावं राहून गेली

मागच्या अंकात न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या सॅव्हॉय बॉलरूम या नाचघराबद्दल आणि तिथं वाढलेल्या लिंडी हॉप या नाचाबद्दल मी दीड पान लिहिलं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तीस वर्षं न्यूयॉर्कमधल्या एका इस्पितळात रक्ताचे नमुने तपासले, त्याबद्दल आजवर एका माणसानं प्रश्न विचारला नाही. नाचाचं नाव काढलं आणि संपादकांकडे गठ्ठा जमा. त्यातली पाच पत्रं त्यांनी निवडून दिली. मी नृत्याची अभ्यासक वगैरे नाही, चाळिशीत नाचायला लागलेली ठाण्याची बाई आहे. उत्तरं त्याच मगदुराची समजावीत.

प्रश्न : मी पुण्यात शनिवार-रविवार लिंडी हॉप शिकते. वर्ष झालं. सर छान शिकवतात, पण हा नाच कृष्णवर्णीयांचा आहे हे तुमचा लेख वाचेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. आमच्या क्लासच्या भिंतीवर गोऱ्या जोडप्यांचीच पोस्टर्स आहेत. पण खरं विचारू? नाच आला म्हणजे झालं ना? तो कुणाचा होता यानं माझ्या पावलांत काय फरक पडतो? (वय २४, कोथरूड)

अगं, फरक पावलांतच पडतो, म्हणून तर एवढा आटापिटा.

पुढच्या शनिवारी क्लासला गेलीस की एक बघ. सर उभं कसं राहायला सांगतात? पाठ ताठ, हनुवटी वर, छाती पुढं, असं असेल तर ती युरोपातल्या दिवाणखान्यातल्या नाचांची ठेवण. लिंडी हॉपमध्ये गुडघे सैल, कंबर जराशी मागं, अंग पुढं झुकलेलं. धावण्याच्या शर्यतीत शिट्टीची वाट बघणाऱ्या पोरासारखं. वजन जमिनीत सोडायचं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या नाचातली ही ठेवण. ढोल काढून घेतले तरी टाळ्या आणि टाचा उरल्या, आणि त्यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पुढं चार्ल्स्टन हा नाच आला, मग ब्रेकअवे आला, आणि १९२०च्या दशकाच्या शेवटी हार्लेममधल्या पोरांनी त्यांची मोट बांधली. १९२७ मध्ये लिंडबर्गनं विमानानं अटलांटिक ओलांडला, त्यावरून ‘लिंडी’. हे नाव शॉर्टी जॉर्ज स्नोडन या हार्लेमच्या बुटक्या, बेरकी नर्तकानं दिलं असं सांगतात.

आता तुमचा स्विंग आउट घे, लिंडी हॉपची ती मुख्य चाल. आठ मात्रा. पाच-सहाला जोडीदार एकमेकांपासून लांब जातात, एकाच हाताची पकड उरते, आणि तिथून पुढं बाईनं काय करायचं ते बाईचं. पुरुषानं ते बघायचं, आणि पुढच्या फेऱ्यात उत्तर द्यायचं. ढोलकीवाला आणि नाचणारी यांच्यात चालतो तसला हा सवाल-जवाब. हे कुणी सांगितलंच नाही तर त्या मोकळ्या मात्रा तू सरांनी दाखवलेल्या ठरावीक गिरकीनं भरून टाकणार. दिसायला सुबक दिसेल. पण सवालच नाही तर जवाब कुठला?

फ्रँकी मॅनिंग यांच्या एका कार्यशाळेत मी शेवटच्या रांगेत उभी होते. तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले. १९३०च्या दशकात सॅव्हॉयमध्ये नाव कमावलेला हा माणूस. ते मात्रा मोजतच नव्हते. तोंडानं ताल म्हणत होते, आपल्याकडे तबलजी बोल म्हणतो तसा, आणि पावलं त्या बोलांवर. माझ्या शेजारचा इंजिनिअर वहीत एक-दोन-तीन-चार लिहीत होता, त्याची फार तारांबळ उडाली. नाच सुरू करण्याआधी पुरुषांनी आपल्या जोडीदारणीला ती राणी असल्यासारखं झुकून अभिवादन करायचं, हाही त्यांचा शिरस्ता.

पोस्टर्सचं म्हणशील तर ते दुखणं जुनंच. १९४३ मध्ये ‘लाइफ’ मासिकानं लिंडी हॉपला अमेरिकेचा खराखुरा लोकनृत्यप्रकार म्हणून गौरवलं. आतल्या पानांत लिऑन जेम्स आणि विला मे रिकर या सॅव्हॉयच्या जोडीची हवेत झेपावलेली छायाचित्रं होती. मुखपृष्ठावर मात्र गोरं जोडपं. त्याच वर्षी पोलिसांनी सॅव्हॉयला काही महिने टाळं ठोकलं. कारण अनीतीचं दाखवलं. हार्लेममध्ये मात्र सगळे समजून होते की काळे-गोरे एकाच फरशीवर एकत्र नाचतात हे खुपत होतं.

मी तरी काय वेगळी होते? आमच्या मंडळाच्या दिवाळीला १९९९ मध्ये मी सहा जोड्या बसवल्या. जाहिरातीत लिहिलं, ‘जुन्या अमेरिकेचा झकास नाच’. लाल लिपस्टिक, ठिपक्यांचे झगे, मागं पडद्यावर इंटरनेटवरून उतरवलेली चित्रं, सगळी गोरी. टाळ्या भरपूर पडल्या. माझ्याच विभागातली एक कृष्णवर्णीय सहकारी नवऱ्याला घेऊन आली होती. जाताना साबुदाणा वड्याचं कौतुक केलं, आणि मग कोट घालता घालता शांतपणे म्हणाली, माझी आजी हे नाचायची, लेनॉक्स अव्हेन्यूवर, सॅव्हॉयच्या त्या रस्त्यावर. तुमच्या पडद्यावर ती कुठं दिसली नाही. मला उत्तर सुचलं नाही. वडे बांधून देत राहिले.

तर सरांना विचार. भांडू नकोस. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल.

प्रश्न : वय ५२. व्हिडिओ बघून लिंडी हॉप करावासा वाटतो, पण ती उचलाउचली बघून गुडघे आधीच दुखायला लागतात. (नागपूर)

उचलाउचली सोडून द्या. ती बहुतेक लोक करत नाहीत, आणि जे करतात त्यांनी गादीवर सराव केलेला असतो. पहिली हवाई फेक फ्रँकी मॅनिंग आणि फ्रीडा वॉशिंग्टन यांनी १९३५ च्या सुमारास बसवली तीही फ्रीडाच्या घरी गादी टाकूनच. मग चिक वेबचा बँड वाजत असताना स्पर्धेत शॉर्टी जॉर्जच्या जोडीसमोर ती केली. तेव्हा फ्रँकी एकविशीचा होता. आपण पाय जमिनीवर ठेवू. मध्यम लय निवडा, सपाट तळव्याचे बूट घाला, गुडघे सैल ठेवा. ताठ ठेवले तर दुखतील.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची, न्यू जर्सीत जन्मलेली, तीन वर्षं स्विंग (म्हणजे लिंडी हॉपच्या घराण्यातले नाच) शिकतेय. यंदा तिनं एका उन्हाळी नृत्यशिबिरासाठी अर्ज केला. तिथली मोठी शिष्यवृत्ती फक्त कृष्णवर्णीय तरुणांसाठी राखीव आहे. कला सगळ्यांची म्हणायचं आणि रंग बघून पैसे द्यायचे, हा अन्याय नव्हे का? (एडिसन)

नाही. मुलीचा हिरमोड झाला असेल हे कळतं. पण अन्याय नाही.

पैशाचं विचारलंत म्हणून पैशाचीच गोष्ट सांगते. ‘हेल्झापॉपिन’ या १९४१ च्या चित्रपटातला लिंडी हॉप आज जगभरचे नर्तक तोंडपाठ करतात. त्यात नाचणारे हार्लेमचे आठजण स्वयंपाकी, मोलकरीण, मेकॅनिक अशा नोकरचाकरांच्या वेषात आहेत, आणि पडद्यावर त्यांची वेगवेगळी नावं नाहीत, गटाचं एक नाव आहे. मग युद्ध आलं. १९४४ मध्ये सरकारनं नाचगाणं असलेल्या ठिकाणांवर ३० टक्के कर बसवला. तो पुढं उतरला, पण तोवर मालकांनी फरशीवर टेबलं मांडली होती. लोक बसून संगीत ऐकू लागले. सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद झालं, पाडलं, तिथं इमारती उठल्या. फ्रँकी मॅनिंग टपालखात्यात नोकरीला लागले आणि तिथं सुमारे तीस वर्षं राहिले. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाहून दोन तरुण नर्तक त्यांना शोधत आले, तेव्हाही ते टपालखात्यातच होते.

नव्वदीत स्विंगची पुन्हा लाट आली. पॅन्टच्या जाहिरातीत लोक लिंडी हॉप करू लागले, क्लास निघाले, शिबिरं निघाली, शुल्कं लागली. फ्रँकींना उतारवयात का होईना मान मिळाला, १९८९ मध्ये ब्रॉडवेचं टोनी पारितोषिक मिळालं, पुढं सरकारची राष्ट्रीय वारसा सन्मानवृत्ती मिळाली. पण ज्या वस्तीतून नाच आला तिथल्या पोराला त्या शिबिराचं शुल्क, विमानाचं भाडं आणि आठवड्याची रजा परवडत नव्हती. मी नाचायला लागले तेव्हा दोनशे माणसांच्या दालनात काळे चेहरे मी बोटांवर मोजायची, आणि एका हाताची बोटं पुरायची. आजीच्या नाचाला नातू पाहुण्यासारखा येतो आणि दारात त्याला विचारतात, पहिल्यांदाच आलास का? लावणीचे प्रयोग वातानुकूलित नाट्यगृहात हाउसफुल्ल जातात. उद्या कुणी फडातल्या बाईच्या लेकीसाठी शिष्यवृत्ती ठेवली, तर आमच्या कोथरूडच्या पोरीला का नाही असं विचारणार का आपण? (कोथरूडच्या आधीच्या पत्रलेखिकेनं राग मानू नये.)

शिवाय अशा शिष्यवृत्तीतून नुसते पैसे मिळत नाहीत. चार-पाच कृष्णवर्णीय मुलं एकदम शिबिरात येतात, त्यामुळे कुणी एकटं पडत नाही. सॅव्हॉयच्या शेवटच्या वर्षांत तिथं नाचलेली काही माणसं या शिबिरांना येत असतात. त्यांच्या शेजारी बसून जेवायला मिळतं. त्या जेवणाचं मोल शुल्कापेक्षा जास्त आहे. मुलीला म्हणावं, बऱ्याच शिबिरांत स्वयंपाकघरात, दारावर काम करून शुल्कात सूट मिळते. तिथं तर नक्की कर अर्ज. आणि एखाद्या म्हाताऱ्या नर्तकीला चहा नेऊन देण्याची पाळी मिळाली तर सोडू नकोस.

प्रश्न : माझे आजोबा मूळ बार्देशचे, मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. ‘निग्रो उस्तादां’कडून शिकलो असं ते सांगायचे. घरात कुणी विश्वास ठेवायचं नाही. तुमच्या सॅव्हॉयशी याचा काही संबंध असेल? (वसई)

विश्वास ठेवा, आजोबा बाता मारत नव्हते. शब्द जुन्या काळचा आहे, आज आपण तो वापरू नये. पण गोष्ट खरी. १२ मार्च १९२६ ला सॅव्हॉय उघडलं, तेव्हा तिथं वाजलेल्या बँडांपैकी एकाचा म्होरक्या होता लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक. तोच १९३५ मध्ये आपला कृष्णवर्णीय बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला! म्हणजे लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० आणि १४१व्या रस्त्यांमधली अख्खी जागा व्यापणारं ते नाचघर आणि अपोलो बंदर यांच्यात अंतर एका माणसाचं. त्याच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. वेदरफोर्ड परत गेलाच नाही, १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं वारला. या मंडळींच्या शेजारी खुर्ची टाकून गोव्याच्या पोरांनी वाजवलं. कानानं शिकले, कारण चर्चमध्ये शिकलेल्या नोटेशनमध्ये तालातला तो झोल लिहिताच येत नव्हता.

पुढं ही गोंयकार मंडळी सिनेमात आली. फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेटला हाताशी धरलं आणि पडद्यावर भगवानदादा नाचले. भगवानदादांची ती गुडघे मोडून, खांदे सोडून डुलण्याची लकब बघा एकदा. लिंडी हॉप नव्हे तो. पण पाव्हणा ओळखीचा वाटतो.

आजोबांचे जुने फोटो असतील तर मागची बाजू बघा; बँडवाले तिथं नावं लिहून ठेवायचे.

प्रश्न : मी लंडनमध्ये नोकरी करतो आणि दर मंगळवारी एका सभागृहात स्विंग शिकवतो. मागच्या वर्षी दोन कृष्णवर्णीय मुलं आली, १६-१७ वर्षांची. फार सुरेख नाचायची. मी त्यांना हा तुमचा वारसा आहे वगैरे सांगितलं, पहिल्याच दिवशी इतिहासावर अर्धा तास बोललो. तीन आठवड्यांत दोघंही गळाली. काय चुकलं? (वय ३१)

तो अर्धा तास चुकला.

तुमचा हेतू चांगला होता, यात शंकाच नाही. पण दोन कोवळ्या पोरांना तीसजणांच्या देखत ‘हा तुमचा वारसा’ म्हटलं की सगळ्या माना वळतात. त्यांना नाचायचं होतं. तुम्ही त्यांना प्रदर्शनात ठेवलंत. शिवाय लंडनच्या त्या पोरांच्या आज्या कदाचित जमैकाच्या असतील, लेगॉसच्या असतील. हार्लेमशी त्यांचं नातं आहे, पण ते त्यांनी आपलं आपण शोधायचं. तुम्ही सातबारा हातात ठेवून उपयोग नाही.

हाताखाली घेणं म्हणजे काय, ते नॉर्मा मिलरच्या गोष्टीवरून बघा. पुढं स्विंगची राणी म्हणून गाजलेली, ९९ वर्षं जगलेली बाई. लहानपणी सॅव्हॉयच्या पाठीमागच्या चाळवजा इमारतीत राहायची. आगीच्या जिन्यावर बसून नाचघरातल्या सावल्या बघायची आणि ऐकू येईल त्यावर घरात नाचायची. १९३२ च्या ईस्टरच्या रविवारी, बारा वर्षांची असताना, ती सॅव्हॉयबाहेर फुटपाथवर नाचत होती. त्या वेळचा नामांकित नर्तक ट्विस्टमाउथ जॉर्ज यानं तिला पाहिलं, हाताला धरून आत नेलं, भर गर्दीत तिच्याबरोबर नाचला, आणि मग परत बाहेर आणून सोडलं, कारण आत यायचं तिचं वय नव्हतं. शिकवलं काय? काहीच नाही. पण ते जे पाच-दहा मिनिटं घडलं ते ती बाई ऐंशी वर्षं सांगत होती.

तिला पुढं घडवलं ते हर्बर्ट व्हाइट या सॅव्हॉयच्या दारावरच्या माणसानं. केसांत पांढरी बट, म्हणून सगळे ‘व्हाइटी’ म्हणायचे. दुपारी नाचघर रिकामं असायचं तेव्हा त्यानं पोरांना तिथं सराव करू दिला, त्यांचे गट बांधले, हॉलिवूडला नेले. पैशाच्या बाबतीत मात्र हात आखडता. मोठा वाटा स्वतःकडे ठेवायचा आणि पोरांचं त्यावरून वाजायचं. हे मुद्दाम सांगते, कारण गुरू म्हटलं की आपण लगेच हार घेऊन उभे राहतो.

आणि सॅव्हॉय पडल्यावर? सगळीकडे छापतात की नाच मेला आणि १९८०च्या दशकात गोऱ्या लोकांनी उकरून काढला. स्वीडिश मंडळींनी १९८४ मध्ये अल मिन्स यांना शोधून स्टॉकहोमला नेलं, त्यांनी आदरानं शिकून घेतलं, ते श्रेय त्यांचं. पण मधल्या काळात सॅव्हॉयमध्ये काम केलेली मामा लू पार्क्स हार्लेमच्या पोरांना लिंडी हॉप शिकवतच होती, दरवर्षीच्या हार्वेस्ट मून बॉल स्पर्धेला उतरवत होती, त्यांना घेऊन कार्यक्रम करत होती. शिकागोत स्टेपिंग चालू होतं, वॉशिंग्टनमध्ये हँड डान्स. ही सगळी त्याच घरची भावंडं. कॅमेरा तिकडे नव्हता, एवढंच.

मी काही वर्षांपूर्वी हार्लेममधल्या एका सभागृहात बघितलेलं सांगते. ऐंशीच्या घरातली एक बाई, एका पोराला शिकवत होती. पोरगा सतरा वर्षांचा, टोपी उलटी, पावलं बिनचूक, पण घाईत. तिनं एकही पाऊल दाखवलं नाही. त्याचा उजवा तळवा आपल्या पाठीवर ठेवायला लावला आणि म्हणाली, आता हलायचं नाही. गाणं सुरू झालं. ती जागच्या जागी नुसती स्पंदत होती, गुडघ्यातून, इंचभर. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. पोरगा कंटाळला, मग हसला, मग त्याचे खांदे उतरले. शेवटच्या कडव्याला त्याचे गुडघे तिच्या गुडघ्यांबरोबर खाली जायला लागले. गाणं संपलं तशी ती खुर्चीत बसली आणि पाणी मागितलं. पाणी आणायला तोच गेला, आणि त्यानंतर तासभर तो तिच्या पायाशी जमिनीवर बसून होता. इतिहास त्या तासात झाला. कोण कुणाशी नाचायचं, कोण कुणाशी बोलायचं नाही, कुठल्या कोपऱ्यात नवख्यांनी पाऊल टाकायचं नाही.

तुमच्याकडे अशी आजी नसेल. मग निदान नावं तरी चालता-बोलता घ्या. शॉर्टी जॉर्ज नावाची स्टेप शिकवता ना? तो माणूस होता, बुटका होता, बिग बी नावाच्या उंच जोडीदारणीबरोबर नाचायचा, आणि शेवटी ती त्याला पाठुंगळीला मारून फरशीवरून निघून जायची. एवढं सांगायला वीस सेकंद लागतात, आणि ती स्टेप करताना पोरं गुडघे आपोआप वाकवतात. सभागृहात कुणी कृष्णवर्णीय शिक्षक बोलावता येत असेल तर बोलवा, आणि मानधन द्या. इतिहास सांगायला तो फुकट आणि नाच शिकवायला पैसे घेणारा दुसरा, असं नको. पोरं पुढं गेली की त्यांना मदतनीस करा, महिन्याभरात पहिली पंधरा मिनिटं त्यांच्या हाती द्या. बसभाडं तुमच्या खात्यातून.

त्यांच्या अंगात जे आधीच आहे ते मात्र काढून टाकायला लावू नका. तुम्ही लिहिलंय, ‘सुरेख नाचायची’. कुठं शिकली असतील? लग्नांत, स्वयंपाकघरात, फोनवर. लटाशा बार्न्स ही आजची मोठी नर्तकी हाउस डान्स या क्लबांतल्या नाचातूनही आली आणि लिंडी हॉपमधूनही. २०२१ च्या ‘द जॅझ कन्टिन्युअम’ या कार्यक्रमात तिनं हे सगळे नाच एकाच दोरीत ओवून दाखवले. तिचे व्हिडिओ त्या पोरांना पाठवा, खाली काही लिहू नका.

फोन नंबर असतीलच तुमच्याकडे. परत या म्हणू नका. हल्ली कुठल्या गाण्यांवर नाचता ते विचारा, आणि ती पाठवतील त्यातलं एक पुढच्या मंगळवारी, वर्ग सुटल्यावर सामान आवरताना, मोठ्यानं लावून ठेवा.